‘गॅस बंद केलाय ना?’ किती वेळा बघणं नॉर्मल?

“मॅडम, गॅस बंद आहे का हे सगळेच बघतात ना? मग माझंच काय एवढं?” माझ्याकडे उपचारासाठी आलेल्या एका बाईंचा पहिल्या भेटीतला हा प्रश्न. वय 36, राहायला कोथरूडला, नोकरी डेक्कनजवळच्या एका बँकेत, कॅश काउंटरवर. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

सकाळी निघताना त्या आधी शेगडीची बटणं नजरेनं बघायच्या, मग बोटांनी दाबून. मग ओट्याखाली वाकून रेग्युलेटर. दाराचं कुलूप तीनदा ओढून दोन जिने उतरायच्या आणि पुन्हा वर. आनंदनगरला मेट्रोत बसून नळ स्टॉपला उतरायचं आणि उलट्या गाडीनं घरी यायचं, असं महिन्यात चार वेळा झालं होतं. मोबाइलमध्ये रेग्युलेटरचे शेकडो फोटो. सासूबाई कौतुकानं म्हणत, “आमची सून फार काळजीची आहे.” त्यामुळे दोन वर्षं कुणाला काही वावगं वाटलंच नाही.

गंमत म्हणजे बँकेत त्यांची हीच सवय गुण ठरली होती. मशिनमधून काढलेलं बंडल पुन्हा हातानं मोजणं ही तिथली शिस्त. तान्ह्या बाळाची आई रात्री उठून त्याचा श्वास चालू आहे ना ते बघते, नर्स इंजेक्शनचा डोस दोनदा वाचते, सोवळ्यातला स्वयंपाक करणारी बाई चार वेळा हात धुते. यातलं काहीच आजार नाही. त्या त्या जागी ते शोभतं. म्हणून ‘किती वेळा’ या एकट्या आकड्यावरून आम्ही काहीच ठरवत नाही. विचारतो ते हे: बघितल्यावर शंका मिटते का? काउंटरवर दुसऱ्यांदा मोजलं की त्यांच्या मनातला विषय संपायचा. घरी सातव्यांदा बघूनही तो सुरूच राहायचा. फरक तिथे आहे.

त्याच्या जोडीला वेळ बघतो. अशा विचारांत आणि कृतींत दिवसाचा तासाहून जास्त वेळ जात असेल, किंवा त्यापायी नोकरी, झोप, नाती बिघडत असतील, तर ओसीडीची, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येऊन तीच तीच कृती करायला लावणाऱ्या आजाराची, शक्यता तपासावी लागते. त्यांना सात दिवस वही ठेवायला सांगितली: कधी, किती वेळा, किती मिनिटं आणि अस्वस्थता 0 ते 100 पैकी किती. बेरीज आली रोज सरासरी 80 मिनिटं, शिवाय नवऱ्याला तीन-चार फोन.

“पण असले विचारच का येतात?” विचार येतातच, जवळपास सगळ्यांना. 1978 मध्ये रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी आजार नसलेल्या माणसांना विचारलं, तेव्हा सुमारे 80 टक्के लोकांनी असे नको ते विचार येत असल्याचं सांगितलं. आजार सुरू होतो तो विचाराला दिलेल्या उत्तरातून. 2003 मध्ये व्हॅन डेन हाउट आणि किंट यांनी कॉम्प्युटरवरची गॅसची शेगडी लोकांना पुन्हा पुन्हा तपासायला लावली. शेवटचं तपासणं त्यांना बरोबर आठवत होतं, पण ती आठवण धूसर झाली होती आणि तिच्यावरचा विश्वास उडाला होता. म्हणजे खात्रीसाठी जितकं बघाल, तितकी खात्री कमी होते. हे सांगितल्यावर बाई बराच वेळ गप्प होत्या. आपली स्मरणशक्ती गेली असंच त्या धरून चालल्या होत्या.

उपचार सरावाचा. भीतीची शिडी केली. खालची पायरी बाथरूमचा दिवा, अस्वस्थता 25. मधली शेगडी, 60. वरची, घराला कुलूप लावून चार दिवस गावी जाणं, 95. नियम एकच: एकदा बघायचं, हात काढायचा, स्वयंपाकघरातून बाहेर यायचं. मग दर पाच मिनिटांनी आकडा लिहायचा आणि तो आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. पहिल्या दिवशी 60 वरून 30 वर यायला 40 मिनिटं लागली, दहाव्या दिवशी 15.

घोटाळा नेमका इथे होतो. हात लावणं बंद झालं, तर बाई दारातून वाकून बघू लागल्या. तेही थांबवलं तर मनात ‘बंद, बंद, बंद’ मोजू लागल्या. हे तपासणंच आहे, फक्त वेष बदललेलं. फोटो त्यांनी स्वतःच्या हातानं डिलीट केले. दुसरी चूक म्हणजे अस्वस्थता ऐन शिगेला असताना परत फिरणं. मनाला तेव्हा एवढंच कळतं, की परत फिरलो म्हणून वाचलो.

नवऱ्याशी वेगळं बोलावं लागलं. “अगं बंद आहे, मी बघितलंय” हे प्रेमानं दिलेलं उत्तर आजाराला खतपाणी घालतं. त्याऐवजी त्यांनी म्हणायचं ठरलं, “शंका आलीय ना, त्रास होतोय मला कळतंय. पण याचं उत्तर द्यायचं नाही, असं आपलं ठरलंय.” रागावून मात्र नाही.

गॅसचा वास आला तर गोष्ट वेगळी. तो वास गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका, रेग्युलेटर बंद करा. नाकाला वास आला तर हालचाल करायची. ‘आला असेल तर?’ असं नुसतं मनात आलं तर नाही.

मनोविकारतज्ज्ञांनी गोळ्याही सुरू केल्या. ओसीडीत त्यांचा गुण पुरता दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करणारे पुष्कळ. घरात कुणाला असा त्रास असेल आणि सुरुवात कुठून करावी कळत नसेल, तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

चौदाव्या आठवड्यात गणपती आले. चिपळूणला निघताना बाईंनी कुलूप एकदाच ओढलं. पौडला शंका आली, 85. गाडी वळवली नाही, शेजाऱ्यांना फोन केला नाही. मुळशीचं पाणी दिसलं तेव्हा वहीत 70 होते, ताम्हिणीत 35. माणगावला चहाला थांबले, तिथला आकडा लिहायचाच राहिला.