वाचकांचे प्रश्न : मेळ जमलेला संघ कसा ओळखावा?

प्रश्न : एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे प्लेऑफ (नियमित मोसमानंतरच्या बाद फेऱ्या) जवळ आले की ‘अमुक संघाचा मेळ उत्तम जमला आहे, त्यामुळे तो पुढे जाईल’ असे जाणकार सांगू लागतात. पण संघ जिंकला की मेळ होता आणि हरला की नव्हता, असे मागाहून म्हणणे कोणालाही जमते. हा मेळ सामन्यांपूर्वी खरोखर ओळखता येतो का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे. मेळ या शब्दाचा अर्थ खेळाडूंची आपसातली मैत्री असा घेतला, तर बाहेरून तो ओळखता येत नाही, आणि ओळखता आला तरी त्यावरून निकालाचा अंदाज बांधता येत नाही. मी मात्र दोन गोष्टी पाहतो. हातात आलेली बरी संधी सोडून सहकाऱ्याला त्याहून चांगली संधी देण्याची सवय संघातल्या किती जणांना लागली आहे, ही पहिली. आणि आपल्या वाट्याची मिनिटे कमी झाली तरी खेळाडूचा खेळ तसाच राहतो का, ही दुसरी. या दोन्ही गोष्टी नियमित मोसमाच्या ८२ सामन्यांत डोळ्यांना दिसतात.

याचे माझ्या पाहण्यातले सर्वांत चांगले उदाहरण सॅन अँटोनियो स्पर्स या संघाचे २०१४ सालचे विजेतेपद हे आहे. पण त्याची गोष्ट एक वर्ष आधीपासून सांगावी लागते. २०१३ च्या अंतिम मालिकेत (आधी चार सामने जिंकणारा विजेता) मायामी हीटविरुद्ध स्पर्स ३-२ असे पुढे होते आणि सहाव्या सामन्यात शेवटचे २८ सेकंद उरले असताना त्यांच्याकडे पाच गुणांची आघाडी होती. आपल्याकडे तेव्हा सकाळ होती आणि मी टीव्हीसमोर बसलो होतो. करंडक देण्याच्या तयारीसाठी मैदानाच्या कडेने पिवळी दोरी लावायला सुरुवात झाली होती. मायामीच्या लेब्रॉन जेम्सने तीन गुण मिळवले. त्यानंतर स्पर्सच्या कवाय लेनर्डचा दोनपैकी एक फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा मोकळा नेम) हुकला. जेम्सचा पुढचा प्रयत्न फसला, पण रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) त्याचा सहकारी ख्रिस बॉशच्या हाती गेला, कारण बाहेरून नेम साधणाऱ्यांना अडवण्यासाठी चपळ खेळाडू हवेत म्हणून स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी उंचापुऱ्या टिम डंकनला बाकावर बसवले होते. बॉशने चेंडू कोपऱ्याकडे मागे सरकणाऱ्या रे ॲलनला दिला आणि ५.२ सेकंद उरले असताना ॲलनने तीन गुणांच्या नेमाने बरोबरी साधली. जादा वेळेत मायामीने तो सामना १०३-१०० असा जिंकला आणि सातवाही जिंकून विजेतेपद पटकावले.

असा पराभव संघाला आतून पोखरू शकतो. डंकन बाकावर का होता, फ्री थ्रो कोणी घालवला, यावरून एकमेकांकडे बोटे दाखवायला सर्वांनाच जागा होती. पॉपोविच यांनी पुढच्या मोसमाच्या सराव शिबिरात सुरुवातीलाच त्या सामन्याचे चित्रण सर्वांना दाखवले आणि झाल्या चुकांची उघड चर्चा केली. मला वाटते, २०१४ च्या यशाचा पाया त्या खोलीत घातला गेला.

त्या मोसमात स्पर्सनी ८२ पैकी ६२ सामने जिंकले, म्हणजे लीगमध्ये सर्वाधिक. आणि हे करताना त्यांच्या एकाही खेळाडूची सरासरी सामन्याच्या ४८ पैकी ३० मिनिटांपर्यंत पोहोचली नाही. सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या टोनी पार्करची सरासरी १७ गुणांच्याही आत होती. चेंडू हाती आला की अर्ध्या सेकंदात नेम साधायचा, पास द्यायचा किंवा आत मुसंडी मारायची, असा त्यांचा दंडक होता. पार्कर आत घुसला की दोन बचावपटू त्याच्याकडे ओढले जात, तो चेंडू बोरिस दियॉकडे देई, दियॉ एक पाऊल पुढे टाकून तिसऱ्यालाही स्वतःकडे खेची आणि तोवर कोपऱ्यात डॅनी ग्रीन मोकळा झालेला असे. हे पुन्हा पुन्हा पाहताना चेंडूला पुढची वाट आधीच ठाऊक असावी असे वाटे.

प्लेऑफमध्ये या सवयीची किंमत वाढते, कारण तिथे एकाच प्रतिस्पर्ध्याशी सातपर्यंत सामने खेळावे लागतात. चार दिवसांत तुमच्या मुख्य खेळाडूच्या सर्व खुब्या समोरच्या प्रशिक्षकाला पाठ होतात. मग त्याला दोघे मिळून घेरतात आणि उरलेल्या चौघांना खेळता येते का, याची परीक्षा सुरू होते. २०१४ च्या उपांत्य मालिकेत ओक्लाहोमा सिटीविरुद्धच्या सहाव्या सामन्यात पार्कर घोट्याच्या दुखापतीमुळे उत्तरार्धात खेळू शकला नाही. तेव्हा दियॉने २६ गुण मिळवले आणि स्पर्सनी जादा वेळेत सामना जिंकून अंतिम फेरी गाठली. तिथे मायामीशी १-१ अशी बरोबरी असताना तिसऱ्या सामन्यात पॉपोविच यांनी टियागो स्प्लिटरऐवजी दियॉला सुरुवातीच्या पाचात घेतले. स्प्लिटर बाकावर गेला, पण त्याचे तोंड वाकडे झाले नाही. त्या सामन्याच्या पूर्वार्धात स्पर्सचे ३३ पैकी २५ नेम बसले आणि धावफलकावर ७१ गुण लागले. मालिका त्यांनी ४-१ अशी, सामन्यामागे सरासरी १४ गुणांच्या फरकाने जिंकली, आणि मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला तो आदल्या वर्षी फ्री थ्रो हुकवलेला, २२ वर्षांचा लेनर्ड.

अर्थात मेळ ही विजयाची हमी नव्हे. हाच स्पर्स संघ त्याच वर्षी पहिल्या फेरीत आठव्या मानांकनाच्या डॅलसविरुद्ध सातव्या सामन्यापर्यंत खेचला गेला होता.

प्रश्न : लेकर्स संघातल्या शकील ओ’नील आणि कोबी ब्रायंट यांचे आपसात पटत नव्हते, तरीही त्यांनी विजेतेपदे मिळवली. मग मेळाला इतके महत्त्व का द्यावे? — त्याच वाचकाचा दुसरा प्रश्न

उत्तर : लॉस एंजेलिस लेकर्सनी २०००, २००१ आणि २००२ अशी सलग तीन विजेतेपदे मिळवली, हे खरे आहे. मैदानाबाहेर पटत नसले तरी मैदानावर कोणाचे काम कोणते, हे त्या दोघांना आणि इतर सर्वांना पक्के ठाऊक होते. माझ्या अर्थाने तो मेळच होता. पुढे २००३ मध्ये कार्ल मलोन आणि गॅरी पेटन हे आणखी दोन दिग्गज त्यांना येऊन मिळाले, आणि २००४ च्या अंतिम मालिकेत डेट्रॉइट पिस्टन्सकडून लेकर्स ४-१ असे हरले. मलोनचा गुडघा दुखावला होता, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवे. पण डेट्रॉइटच्या पाचांत त्या तोडीचे एकही मोठे नाव नव्हते आणि त्यांच्यातला रशीद वॉलेस तर फेब्रुवारीत, मोसमाच्या मध्यावर संघात आला होता. त्याला आल्या दिवसापासून बचावाचे ठरलेले काम मिळाले आणि जूनपर्यंत त्याने ते चोख केले.