कंत्राटी ऑर्डर घेऊ द्यावी का?

प्रश्न : मुलगी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाली आहे, वय २४. राष्ट्रीय आरोग्य अभियानात स्टाफ नर्सच्या यादीत तिचं नाव लागलंय, पण ऑर्डर ११ महिन्यांची. तिचे वडील आरोग्य खात्यातूनच रिटायर झाले. ते म्हणतात, कंत्राटीत अडकू नको, पुण्याला अभ्यासिका लाव, परमनंटची जाहिरात येईलच. आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरची जागा दोन वर्षं रिकामी आहे. जागा आहे, मग भरत का नाहीत? – एक आई, जि. हिंगोली

ताई, तुमच्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते. आपल्याकडे सरकारी माणसं कमी होतात ती नोटीस देऊन नव्हे. कुणी रिटायर होतं, खुर्ची तशीच राहते, शेजारच्या माणसाला ‘अतिरिक्त कार्यभार’ मिळतो. सपाट भागात एका उपकेंद्रामागे ५,००० लोकसंख्या धरतात. तुमच्या गावचा चार्ज शेजारच्या सिस्टरकडे असेल तर ती बाई १०,००० माणसं सांभाळते. आमच्या तालुक्यात अशाच एका सिस्टरला मी लसीकरणाच्या दिवशी पाहिलं होतं. खांद्याला लसीचा डबा, काखेत दोन गावांची दोन रजिस्टरं, आणि दुसऱ्या गावातल्या आया सकाळी नऊपासून अंगणवाडीच्या ओट्यावर ताटकळलेल्या. ती पोचली दीड वाजता. बोलणी तिनेच खाल्ली.

तेव्हा ‘मंजूर पद’ म्हणजे ‘भरलं जाणारं पद’ असं समजू नका. आरोग्य विभागाची २०२१ची भरती पेपरफुटीत वाया गेली. पुढची मोठी जाहिरात आली ऑगस्ट २०२३मध्ये, १०,९४९ जागांची. मधली दोन वर्षं अभ्यासिकेत बसलेल्या मुलींनी खोलीभाडं भरलं, मेसचे डबे खाल्ले आणि अनुभवाच्या रकान्यात शून्य घेऊन फॉर्म भरला. यजमानांच्या काळी वाट पाहणं परवडायचं. आता नाही.

म्हणून माझं मत : ऑर्डर घेऊ द्या. पण ठिकाण बघून.

एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीला, म्हणजे नॉरसेटला, जीएनएमवाल्या मुलींना शिक्षण पूर्ण झाल्यानंतरचा दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि तो किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला. प्राथमिक आरोग्य केंद्रात असतात साधारण सहा खाटा, ग्रामीण रुग्णालयात तीस. तिथे मुलगी कितीही राबली तरी या परीक्षेसाठी ते धरत नाहीत. घराजवळचं केंद्र मिळतंय म्हणून खूश होऊन सही करणाऱ्या मुली मी पाहिल्यात, नंतर फार हळहळतात. पदस्थापनेच्या वेळी तिने जिल्हा रुग्णालय किंवा किमान ५० खाटांचं उपजिल्हा रुग्णालय मागावं. नाहीच मिळालं तर मोठ्या खासगी रुग्णालयाचाही विचार करा, पगार थोडा कमी असला तरी. नॉरसेटला वयोमर्यादा ३० आहे, आरक्षणात असाल तर सवलत मिळते. दोन वर्षं अनुभवात गेली तरी हातात पुरेसा वेळ उरतो.

कागदांचं मात्र तिला बजावून सांगा. ११ महिने संपले की मध्ये एखाद्या दिवसाचा खंड देऊन नवी ऑर्डर निघते, त्यामुळे प्रत्येक ऑर्डर, प्रत्येक रुजू अहवाल फाईलला लावायचा. अनुभव प्रमाणपत्रावर खाटांची संख्या लिहून घ्यायची. साहेब बदलले की सहीसाठी चार चार खेटे पडतात.

‘पुढेमागे कायम करतीलच’ या आशेवर मात्र राहू नका. दहा वर्षं झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना सामावून घ्यायचा निर्णय मार्च २०२४मध्ये निघाला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी त्यांना ऑगस्ट २०२५मध्ये संपावर जावं लागलं. यजमानांची भीती इथे अगदी खरी आहे. म्हणून घरात आत्ताच ठरवा : कंत्राटी दोन वर्षं, फार तर तीन. रात्रपाळीनंतर झोप काढून रोज दोन तास अभ्यास झाला तरी चालेल, पण तो पहिल्या महिन्यापासून.

ऑर्डर हातात आली की आधी ठिकाणाचं नाव वाचा, मग पेढे आणा. आणि ते नाव मलाही कळवा.