विचारा की! : धामण मारली आणि उंदीर माजले

पाऊस लागला की दरवर्षी आमच्या इनबॉक्सचं वारूळ होतं, ज्याला त्याला साप दिसलेला असतो आणि प्रत्येकाचा साप किमान दहा फुटाचा असतो. यावेळी आलेल्यातले पाच प्रश्न घेतलेत. नावं मुद्दाम छापत नाही, कारण दोघातिघांनी साप मारल्याचं स्वतःच लिहून पाठवलंय आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे, उगाच तुम्हाला अडचणीत कशाला आणू.

प्रश्न : आमचा ऊस आणि गहू असतो. मागच्या वर्षी विहिरीजवळ दोन मोठ्या धामणी मारल्या, घरात लहान पोरं आहेत म्हणून. यंदा उंदरांनी वैताग आणलाय, उसाची बुडं कुरतडली, ठिबकच्या नळ्या फोडल्या. गडी म्हणतो धामणी मारल्या म्हणून झालं. खरंय का? आणि एक साप वर्षाला हजारो उंदीर खातो असा मेसेज फिरतोय, तो खरा का? (एक वाचक, संगमनेर)

दादा, गड्याचं ऐका. शंभर टक्के त्याच्यामुळंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, उंदीर माजायला बाकीची पण कारणं असतात, पाऊस कसा झाला, बांधावर गवत किती वाढलं, शेजाऱ्याने मका काढून कणसं तिथंच टाकली का, सगळंच आलं. पण गडी चुकीच्या दिशेला बोट दाखवत नाहीये.

आधी त्या मेसेजचं. हजारो वगैरे गप्पा आहेत. सापाला आपल्यासारखं अंग गरम ठेवायला अन्न जाळावं लागत नाही, ऊन खाल्लं की भागतं, त्यामुळे धामणीचं एकदा पोट भरलं की आठवडाभर ती निवांत पडून राहू शकते, आणि थंडीत तर त्याहून कमी खाते. समजा महिन्यातून चारपाच वेळा जेवली, तर वर्षाचा हिशोब तुम्हीच करा. मग तुम्ही म्हणाल एवढ्यानं काय फरक पडतो?

फरक उंदराच्या बाजूनं बघितला की कळतो. उंदराच्या मादीचे दिवस तीन आठवड्यात भरतात, एका वेळी सहाआठ पिल्लं, आणि ती पिल्लं दोनतीन महिन्यात स्वतः वयात येतात. म्हणजे उसाची लागण केल्यापासून तोडीपर्यंत आजी, आई आणि नात एकाच वेळी बाळंतीण असू शकतात, तेही तुमच्याच बांधात. अशा कुटुंबातली एक मादी किंवा एक आख्खं वेत सुरुवातीला उचललं गेलं तर पुढचे किती वाचले ते मोजायचं. साप उंदीर संपवत नाही, कधीच संपवणार नाही, संपवले तर तोच उपाशी मरेल. तो फक्त त्यांना डोकं वर काढू देत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा. मांजर बिळाच्या तोंडाशी बसून राहतं, घुबड बाहेर पडलेला उंदीर उचलतं, मुंगूस आणि घोरपड थोडंफार उकरतात. पण वाकडंतिकडं बीळ शेवटपर्यंत जाऊन, आत जिथं डोळे न उघडलेली पिल्लं पडलीयत तिथं पोचणारा गिऱ्हाईक एकच, साप. त्याचं अंगच त्या मापाचं.

मी हे एकदा अगदी जवळून बघितलंय. आजोळी गव्हाची काढणी झाली की मजूर बायका आणि आम्ही पोरं उंदरांची बिळं खणायचो, आत ओंब्यांची साठवण निघायची, एकेका बिळात पाटीभर, नीट रचून ठेवलेली. एकदा मामानं फावड्यानं ढेकूळ उचललं तर खाली धामण. पळाली नाही, पळायच्या अवस्थेतच नव्हती, अंगात एकामागे एक तीन फुगवटे, मधला जरा हलल्यासारखा मला वाटला पण ते माझं वयही असेल. बाजूला वाळक्या गवताचं मऊ घरटं, रिकामं. धामण अजगरासारखी विळखा घालून मारत नाही बरं का, ती भक्ष्य अंगाच्या वजनानं बिळाच्या भिंतीला दाबून धरते आणि गिळते. मामानं ढेकूळ होतं तसं ठेवलं आणि म्हणाला, असू दे, तिचं काम चालूय.

आता करायचं काय. मेलेल्या धामणी परत येणार नाहीत, पण मोकळी जागा फार दिवस मोकळी राहत नाही, दुसरी येईल, तिला येऊ द्या. घरापासून लांबच्या बांधावर थोडी झुडपं आणि दगडाची ताल राहू दे. शेतात इंग्रजी टी अक्षरासारखे पक्षी थांबे उभे करा, रात्री घुबडं बसतात. आणि ते विषाचे केक जपून. त्यातलं ब्रोमाडिओलोन नावाचं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोनचार दिवस झिंगल्यासारखा फिरतो आणि तोच घुबडाला, मांजराला, सापाला सगळ्यात आधी सापडतो. म्हणजे उंदरासाठी ठेवलेलं विष फुकट राबणाऱ्यांच्याच पोटात. सापळे लावा, कटकटीचं काम आहे पण सापळा विषासारखा अन्नसाखळीत पुढं जात नाही.

आणि पोरांचं म्हणाल तर धामण बिनविषारी आहे. हातात धरली तर चावेल, रक्त येईल, एवढंच. ती नागाची बायको आहे, गाईच्या पायाला वेटोळे घालून दूध पिते, ही सगळी आपल्याकडची करमणूक.

प्रश्न : सोसायटीच्या पार्किंगमध्ये काळपट अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेला साप निघाला, मण्यार समजून वॉचमनने मारला. फोटो पाठवतेय. पुढच्या वेळी पकडून लांब जंगलात सोडून दिला तर चालेल ना? (एक वाचक, पुणे)

ताई, फोटोतला कवड्या आहे, बिनविषारी. रात्री भिंतीवर चढून पाली खातो, म्हणून ट्यूबलाइटच्या आसपास घुटमळतो. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारचं उलटं. पण हे सोफ्यावर बसून फोटो बघायला ठीक आहे, रात्री टॉर्चच्या उजेडात खाली वाकून पट्टे मोजत बसू नका, मण्यार निघाली तर ती जागेवरची सगळ्यात वाईट बातमी असते.

लांब जंगलात सोडणं हे ऐकायला फार छान वाटतं. सापाला त्याचा दोनचार एकरांचा परिसर पाठ असतो, बीळ कुठं, पाणी कुठं, लपायचं कुठं. त्याला तीस किलोमीटरवर नेऊन सोडलं की तो बिचारा घर शोधत वणवण फिरतो आणि बऱ्याचदा मरतो. शिवाय तिथले साप आधीच तिथलं काम बघतायत. म्हणून जवळच्या जवळ, माणसाची वर्दळ नसलेल्या जागी सोडायचा, आणि तेही तुम्ही नाही. वनविभागाची हेल्पलाइन १९२६, तिथं फोन करा, ते माणूस पाठवतात किंवा नोंदणी असलेल्या सर्पमित्राचा नंबर देतात. तोवर लांबून लक्ष ठेवायचं फक्त, साप गेला कुठं हे माहीत असलं की निम्मं काम झालं. गळ्यात साप घालून रील काढणारा आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

एक विचारू का, कचऱ्याचे डबे पार्किंगमध्येच आहेत ना? तिथून सुरुवात करा.

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विचारतोय. साप गेले तर निसर्गाचा समतोल बिघडेल असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण याचं खरं उदाहरण आहे का की नुसतं निबंधातलं वाक्य आहे? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

हा प्रश्न फार आवडला मला, कारण ते वाक्य मीपण शाळेत पाठ करून लिहिलंय.

मध्य अमेरिकेत पनामाला एल कोपे नावाच्या जंगलात शास्त्रज्ञ बरीच वर्षं साप आणि बेडूक मोजत होते. २००४ च्या सुमारास तिथं बेडकांना बुरशीचा रोग आला आणि बेडूक धडाधड मेले. सापांना रोग नव्हता, पण पुढच्या काही वर्षांत सापांच्या जातीपण कमी झाल्या आणि जे उरले त्यातले कितीतरी हडकुळे. २०२० मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. म्हणजे सापाच्या खालची फळी काढली तर साप कोसळतो. आता वरची फळी बघ, आपल्याकडे सर्पगरुडाचा मुख्य खुराकच साप, मुंगूस आणि मोरपण खातात, आणि खुद्द सापच सापाला खातो. मण्यारचं आवडतं जेवण दुसरे साप, आणि नागराज म्हणजे किंग कोब्रा तर जवळजवळ त्यावरच जगतो, धामण त्याची हक्काची. पश्चिम घाटातला नागराज २०२४ मध्ये वेगळी जात म्हणून नोंदवला गेलाय, सिंधुदुर्ग आणि गोव्याकडचा तोच.

आता उलटं उदाहरण, ते प्रोजेक्टमध्ये नक्की टाक. प्रशांत महासागरात ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे मालाच्या जहाजातून एक तपकिरी झाडसाप पोचला. त्या बेटाला अशा सापाची सवय नव्हती. त्यानं तिथले बहुतेक देशी रानपक्षी संपवले, मग पक्षी खायला नाहीत म्हणून कोळी इतके वाढले की जंगलात शेजारच्या बेटांपेक्षा कित्येक पटीनं जाळी, आणि बिया पसरवणारे पक्षीच नाहीत म्हणून नवी झाडंही कमी. त्यामुळे साप चांगला की वाईट असा प्रश्नच नाही रे, साप कुठला आणि तो आहे कुठं हे बघायचं. सरांनी मार्क कापले तर माझं नाव सांग.

प्रश्न : आमच्याकडे फुरशी फार. माझे दीर त्यामुळेच गेले. धामणीचं समजू शकते, पण विषारी साप मारला तर काय बिघडतं? फुरशाचा उपयोग तरी काय? (एक वाचक, जि. रत्नागिरी)

काकू, तुमच्या घरातलं माणूस गेलंय, तुम्हाला मी समतोलाचं प्रवचन देणार नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं साधारण १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. सापाबद्दल प्रेमानं बोलणाऱ्यांनी हा आकडा आधी बोलला पाहिजे असं माझं मत आहे.

पण मारून सुटत नाही हे तुमच्याच जिल्ह्यानं सिद्ध केलंय. इंग्रजांच्या काळात रत्नागिरीत फुरशावर बक्षीस होतं, डिसेंबर १८६२ मध्ये ते वाढवलं तर आठ दिवसात लाखाच्या वर फुरशी मारून आणली लोकांनी. आणि आज तुम्ही मला पत्र लिहिताय की आमच्याकडे फुरशी फार. कातळ, सुकं गवत, दगडी गडगे आणि त्यात विंचू, गोमी, किडे, उंदराची पिल्लं हे सगळं जोवर आहे तोवर फुरसं राहणार, कारण तेच त्याचं जेवण. विंचू आणि गोमी आवरणारेही कमीच, त्यातलं एक फुरसं.

उपयोग विचारलात म्हणून सांगते. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासूनच बनतं, विष अगदी थोडं थोडं घोड्याला टोचून. त्यासाठी लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतले इरुळा आदिवासी काढतात, पूर्वी ते कातड्यासाठी साप पकडायचे, १९७८ पासून त्यांची सहकारी संस्था विष काढून साप परत सोडते. आणि हार्ट ॲटॅकच्या पेशंटला रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून टिरोफिबान नावाचं औषध देतात, त्याची कल्पना फुरशाच्याच विषातून आली. ज्यानं दीर नेले त्याच्यावरून बेतलेलं औषध आज कुणाला तरी वाचवतंय, हे ऐकून तुमचं दुःख कमी होणार नाही, तरी माहीत असावं.

करायचं ते एवढंच: रात्री बॅटरीशिवाय पाऊल नाही, गवत काढताना आणि गडग्याचे दगड हलवताना आधी काठी, पायात बूट. चावलंच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे अर्धा तास पण घालवायचा नाही, चावलेला हातपाय हलू न देता सरळ सरकारी दवाखाना. फुरशाच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं, पहिल्या तासात माणूस ठीक दिसतो आणि तिथंच घरचे फसतात.

प्रश्न : आमच्या भावजींना कुणीतरी दुतोंडी मांडूळ ऑफर केलंय, घरात ठेवलं तर पैसा येतो म्हणे. तीन लाख मागतायत. काय करावं? (एक वाचक, नाशिक)

पैसा येतो, विकणाऱ्याच्या घरात. याला त्यांच्या धंद्यात डबल इंजिन म्हणतात, पण तोंड एकच, दुसरीकडे बोथट शेपूट आहे, आणि विकणारे कधीकधी त्यावर डाग देऊन डोळ्यांसारख्या खुणा करतात. मांडूळ भुसभुशीत मातीत राहून उंदीरच खातं, बाकी काही करत नाही. विकणारा आणि घेणारा दोघांवर गुन्हा होतो. भावजींना सांगा मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढा आणि १९२६ ला कळवा, आणि तीन लाख खरंच असतील तर आधी तुमच्याकडून घेतलेले उसने फेडायला सांगा.