घरातली सभा आणि मी मांडलेला ठराव

तुम्ही विचारलंय, लहानपणी घरातले नियम कोण ठरवायचं आणि मुलांना त्यात बोलता यायचं का. आमच्याकडे बोलता यायचं, आणि बोललेलं लिहूनही ठेवलं जायचं.

पुण्यात नारायण पेठेतल्या वाड्यात आम्ही दहा माणसं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माजघरात सतरंजी पडायची. आजोबा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळं रीतसर. आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं, मग ठराव, सूचक, अनुमोदक आणि शेवटी ऐनवेळचे विषय. १९८७ साली टीव्हीवर रामायण सुरू झालं, तेव्हा सभा साडेनऊऐवजी अकराला घ्यायची असाही ठराव झाला होता.

नियम उगीच केलेले नव्हते. भरून ठेवलेलं पाणी शिळं म्हणून मोरीत ओतायचं नाही, झाडांना घालायचं. कागदपत्रांची ट्रंक माळ्यावरच ठेवायची, आणि ती कुठे आहे हे घरातल्या लहानातल्या लहान पोरालाही ठाऊक हवं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि आमच्या वाड्याचा तळमजला बुडाला. पूर ओसरला तर घरभर चिखल, आणि तो धुवायला नळाला पाणी नाही. दर जुलैच्या सभेत आजोबा हे सांगायचे. सांगताना त्यांची बोटं सतरंजीच्या दशा चाळवत राहायची.

एक नियम मात्र मला सलायचा. मुलींनी दिवेलागणीला घरात यायचं, मुलग्यांना साडेसातपर्यंत मुभा. १० वर्षांची असताना ऐनवेळच्या विषयांत मी उभी राहिले. काका म्हणाले, "बस खाली." आजोबांनी त्यांना हातानंच थांबवलं. मला म्हणाले, "ठराव मांड. आणि कारण सांग."

मी सांगितलं, डबा ऐसपैसमध्ये माझ्यावर राज्य असतं, तेवढ्यात घरी यावं लागतं. मग दुसऱ्या दिवशीही राज्य माझ्यावरच.

आजोबांनी विचारलं, "अनुमोदन?"

कुणीच बोलेना. बायका सभेत बसत नसत, स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकत. तिथून आई म्हणाली, "माझं आहे."

तोवर सभेत तिचा आवाज कधी ऐकला नव्हता. आजीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, ते मी बघितलं. सगळ्या मुलांना सात, असं ठरलं. अर्धा तास गेला म्हणून दादा आठवडाभर माझ्याशी अबोला धरून होता. पुढच्या महिन्यात आजोबांनी दुसरी सतरंजी घालायला सांगितली. आजी, आई आणि काकू त्या दिवसापासून सभेत बसू लागल्या.

ती वही आता माझ्याकडे आहे. लाल कापडी बांधणी, कोपरे झिजलेले. त्या पानावर 'सूचक'पुढे माझं नाव आहे. 'अनुमोदक'पुढे आजोबांनी आधी 'सूनबाई' लिहिलंय, मग एका रेघेनं खोडून त्याच्या वर आईचं संपूर्ण नाव.