हक्काचं सोड, समोर कोण उभंय ते बघ

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण लगेच उत्तर दिलं असतं तर चिडून दिलं असतं म्हणून थांबलो. पहलगामच्या हल्ल्यावरचं ते लाल कुरणाचं चित्र तू इन्स्टावर टाकलंस, धडाधड लाइक्स आले, मग खाली कुणीतरी विचारलं 'तुझं कोण गेलं होतं?' आणि आता तू मला विचारतेस की सर, मला हे रंगवायचा हक्क होता का, डिलीट करू का. अगं हक्क-बिक्क वकिलांना बघू दे. आपण एवढंच बघायचं, ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरातलं कुणी या चित्रासमोर येऊन उभं राहिलं तर चित्र टिकेल का. आणि ही नुसती कल्पना नाहीये, २२ एप्रिल २०२५ ला जे २६ जण गेले त्यात दोघं आपल्या पुण्याचे होते. उद्या तुझ्या कॉलेजच्या डिस्प्लेला त्यांच्या नात्यातलं कुणीही येऊ शकतं, पुणं काही तेवढं मोठं नाही.

टिकेल म्हणजे त्यांना आवडेल असं नाही हं, हे तू नक्की उलटं ऐकणारेस म्हणून आधीच सांगतो. अमेरिकन कलाकार एरिक फिशलचं 'टम्बलिंग वुमन' हे शिल्प बघ. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात न्यूयॉर्कच्या ट्रेड सेंटरमध्ये त्याचा मित्र गेला. २००२ मध्ये त्यानं कोसळणाऱ्या बाईचं ब्राँझ रॉकफेलर सेंटरमध्ये ठेवलं, लोक भडकले, आधी ते झाकलं आणि मग काढूनच टाकलं. माझ्या मते ते टिकतं. त्या देहाला वजन आहे, ती बाई कुणीतरी आहे. आणि आपल्याकडे काय केलं लोकांनी? पहलगामला नवऱ्याच्या मृतदेहाशेजारी बसलेल्या त्या मुलीच्या फोटोची एआयनं कार्टून करून फिरवली, श्रद्धांजली म्हणून! ते तिच्यासमोर धरून दाखवा म्हणावं.

जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टर तर त्या ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानातच होता, ते विमान कॅनडात उतरवलं. त्या हल्ल्यावरचं त्याचं चित्र आलं २००५ मध्ये. आधी त्यानं ज्वाळा चांगल्या भडक रंगवल्या होत्या, त्या त्यालाच बघवेनात, मग रंग खरवडून काढला. उरलं ते ५२ बाय ७२ सेंटीमीटरचं, टीव्हीच्या पडद्याएवढं, निळं-करडं. आता हे वाचून तू छोटा कॅनव्हास घेशील आणि खरवडत बसशील, मला माहितीये, तुमच्या बॅचला टेक्स्चरचं फार वेड आहे. तसं नाही गं. त्यानं जे खरवडलं ते देखणं झालं होतं. त्या घरातलं माणूस समोर आहे म्हटल्यावर पहिली लाज त्या देखणेपणाचीच वाटायला लागते, आणि तुझं लाल कुरण, सॉरी, फार देखणं आहे.

आपल्याकडचा कलाकार विवान सुंदरम, त्यानं मुंबईच्या दंगलींनंतर १९९३ मध्ये 'मेमोरियल' केलं, पेपरात आलेल्या एका फोटोवरून, रस्त्यावर मरून पडलेला एक माणूस. त्या फोटोवर त्यानं खिळे ठोकले, रक्त कुठेही वाढवलं नाही. कोलंबियाच्या शिल्पकार डोरिस साल्सेदोनं तर माणूसच दाखवला नाही. तिथल्या राजधानीत, बोगोताच्या न्यायालयावर १९८५ मध्ये हल्ला झाला, वेढा पडला, माणसं मेली, तिनं २००२ मध्ये त्याच जागेवरच्या नव्या इमारतीवरून रिकाम्या खुर्च्या हळूहळू खाली सोडल्या, ५३ तास. त्या खुर्च्यांखाली मेलेल्याची बायको येऊन उभी राहू शकते. बस, मला एवढंच म्हणायचंय.

आपल्या पुण्यात जर्मन बेकरीत बॉम्बस्फोट झाला, १३ फेब्रुवारी २०१०, १७ माणसं गेली, तेव्हा माझ्या वहीत तिथल्या टेबलांची, चहा पीत बसलेल्यांची स्केचेस आधीपासून होती. लगेच एक ग्रुप शो ठरला, मेणबत्त्या, कबुतरं, पांढऱ्यावर लाल शिंतोडे, सगळं आलं. मी टेबलं दिली तर म्हणाले यात स्फोट कुठे दिसतोय, जरा लाल मार की. मी नाव काढून घेतलं. घाबरला म्हणाले, स्वतःला मोठा समजतो म्हणाले, पुढच्या दोन-तीन शोंना बोलावलंच नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, त्या वर्षी माझं नाव कुठेच आलं नाही आणि पैशांचीही ओढाताण होती. पण त्या टेबलावर बसलेल्या कुणाची आई हॉलमध्ये आली असती तर मी त्या लाल रंगाचं काय उत्तर देणार होतो? ती स्केचेस अजून माझ्याकडे आहेत, तुला दाखवीन, कुणाला विकणार नाहीये. याला तू हट्ट म्हण हवं तर.

डिलीट करू नकोस. त्या कमेंटखाली सरळ लिही, माझं कुणी गेलं नाही, आणि पुढे वाद घालत बसू नकोस. शनिवारी ये, येताना मूळ चित्र आण, उगीच फोटो पाठवू नकोस, फोटोत रंगाचा थर कळत नाही.