नोकरी हातात असताना बायोडाटा लिहावा का?

प्रश्न : सांगलीच्या आयटीआयमधून टर्नर झाल्यापासून मी कुपवाड एमआयडीसीतील एकाच कारखान्यात १४ वर्षे काम करत आहे. सुरुवातीला सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) ऑपरेटर होतो, गेली ६ वर्षे सेटिंग करतो, म्हणजे नव्या कामासाठी मशीन लावून देतो. मात्र सेटर झाल्याचे पत्र कधी मिळाले नाही. दिवाळीनंतर ऑर्डरी घटल्या, तिसरी पाळी बंद झाली आणि कंत्राटी मुलांना घरी पाठवण्यात आले. आमच्याबद्दल कोणी काहीच बोलत नाही. आजवर मी एकच बायोडाटा केला आहे, तो लग्नाचा. ही नोकरी चुलत्यांच्या शब्दावर मिळाली होती. चालू नोकरीत असला कागद लिहिणे घरच्यांना अपशकुनाचे वाटते आणि मला मालकांशी बेइमानी केल्यासारखे वाटते. काय करावे?
– एक वाचक, कुपवाड

उत्तर : कारखान्याची ड्रॉइंग किंवा ग्राहकांची यादी बाहेर नेणे ही बेइमानी झाली असती; स्वतःच्या १४ वर्षांच्या कामाची नोंद स्वतःच्या हाताने लिहिणे ही नव्हे. ती आत्ताच लिहावी असे मी आग्रहाने सांगते, कारण आज पगारपत्रके तुमच्या हाताशी आहेत, यंत्रे समोर आहेत आणि विचारायला सहकारी शेजारी आहेत. गेटवर पास जमा केल्यानंतर यांतले एकेक दुरावत जाते.

लग्नाच्या बायोडाट्यात माणूस कोणाचा आहे हे सांगतात, तर नोकरीच्या बायोडाट्यात त्याला काय येते हे सांगावे लागते. म्हणून वडिलांचे नाव, जात, उंची, छंद आणि शेवटची ‘वरील माहिती सत्य आहे’ ही ओळ, सर्व गाळा. ‘मशीनवर काम केले’ या वाक्याने समोरच्या सुपरवायझरला काहीच कळत नाही. त्याऐवजी एका पाळीत तुम्ही प्रत्यक्ष काय करता ते आठवा : ड्रॉइंग वाचून जॉ बसवणे, टूल ऑफसेट देणे, पहिला जॉब (तयार भाग) काढून बोअर गेजने त्याच्या छिद्राचे माप मोजणे, माप बसल्यावर ऑपरेटरच्या हाती मशीन देणे. यातील प्रत्येक कृती ही एक ओळ आहे. त्या ओळीत मशीनचा संगणकी कंट्रोल कोणत्या बनावटीचा, मशीन किती, माप किती मायक्रॉनच्या आत ठेवता, सेटिंगला पूर्वी किती वेळ लागे आणि आता किती लागतो, हे आकडे घाला. आकडा खात्रीचा असेल तरच घाला; मुलाखतीत नेमके त्यावरच बोट ठेवले जाते. ग्राहक कंपनीचे नाव न लिहिता ‘वाहन उद्योगाचे सुटे भाग’ एवढे लिहिले तरी पुरते.

सेटरच्या पत्राची तुमची अडचण खरी आहे, आणि ती अनेकांची आहे. पत्रात नसलेले पद लिहू नका. ‘सीएनसी ऑपरेटर, गेली ६ वर्षे सेटिंगची जबाबदारी’ असे लिहा, ते खरेही आहे आणि पुरेसेही. शॉपमध्ये कोणाला कोणते काम येते याचा स्किल मॅट्रिक्सचा तक्ता लावलेला असेल आणि त्यात तुमच्या नावापुढे सेटिंग भरलेले असेल, तर त्याच्या आधारे वरिष्ठांकडे अनुभवाचे पत्र आजच मागा. माणसे जागेवर आहेत तोवर ते मिळण्याची शक्यता जास्त असते.

मजकूर आधी मराठीत लिहा, मग सोप्या इंग्रजीत करून घ्या. एक पान खूप झाले. झेरॉक्सच्या दुकानातील तयार नमुना घेतलात, तर आधीच्या माणसाची एखादी ओळ त्यात राहून जाते, तेव्हा प्रत्येक शब्द स्वतः वाचा. नोकरीच्या तारखा भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीशी जुळवून घ्या, कारण नवा मालक यूएएन क्रमांकावरून (नोकरी बदलली तरी निधीसाठी तोच राहणारा क्रमांक) त्या पडताळू शकतो. तो क्रमांक तुमच्या सध्याच्या मोबाइलशी जोडलेला आहे का आणि आधारवरील नाव व जन्मतारीख तीच आहे का, हेही याच वेळी पाहा. पुढे नोकरी बदललीच, तर निधी काढून न घेता नव्या खात्यात वर्ग करा. त्यातील पेन्शनसाठी किमान १० वर्षांची सेवा लागते.

आणखी एक गोष्ट बायोडाट्याबाहेरची असली तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘राजीनामा द्या, हिशेब लवकर करू’ असे कोणी म्हणाले, तर त्या दिवशी सही करू नका. कामगाराने स्वतः राजीनामा दिला की कामगार कपातीची भरपाई मागण्याचा मार्ग सहसा बंद होतो. ग्रॅच्युइटी मात्र ५ वर्षांच्या सलग सेवेनंतर राजीनामा दिला तरी मिळते, तेव्हा तिचे आमिष कोणी दाखवले तर बधू नका.

कागद तयार झाला की तो आधी पूर्वी तुमच्याबरोबर काम केलेल्या आणि आज पलूस, सातारा किंवा शिरवळच्या कारखान्यांत असलेल्या मित्रांना दाखवा. तुमचा हात त्यांना माहीत आहे आणि सेटरची जागा कोठे रिकामी आहे हेही त्यांनाच आधी कळते. राष्ट्रीय करिअर सेवेच्या संकेतस्थळावर आणि सांगलीतील जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात नाव नोंदवायला शुल्क लागत नाही. नोकरी लावण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्याच्या हाती मात्र हा कागद देऊ नका.