नटाशी लग्न ठरलेल्या मुलीला

अगं, राज्य नाट्य स्पर्धेची जळगाव केंद्रावरची फेरी जवळ आली की नवरा घरात असून नसल्यासारखाच. रुसू नकोस. संहिता धरून बस, समोरच्या पात्राची वाक्यं तू म्हण. प्रेमप्रसंग असला तर मुद्दाम बाजारात वांग्याचा भाव विचारल्यासारखी म्हण. तो हसतो, चुकतो, मजा येते!

प्रयोगाच्या दिवशी भरीत-पुरी नको, हिरव्या मिरचीनं घसा बसतो (आमच्या ह्यांचा तरी). वरणभात दे. रंग उतरवायला खोबरेल तेल आणि जुनं मऊ धोतर पिशवीत टाक. पडदा पडल्यावर ‘छान झालं’, एवढंच. दुसऱ्या अंकातली चूक सकाळी, चहानंतर सांग.

नायिकेचा हेवा? छे, तिच्याशीच गट्टी कर. तालमीतल्या सगळ्या बातम्या आयत्या मिळतात.